मावळ्यांची बाराबंदी आणि आमच्या मुली

(पनवेल येथे महिला दिनानिमित्त झालेल्या मेळाव्यात परिसरातल्या महिला मंडळांसमोर केलेलं हे भाषण. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक)

मैत्रिणींनो,

'इतिहास' या विषयावर बोला म्हणून निरोप आला तेव्हा मी सरळ नाही म्हटलं होतं. मी शिवणकाम करणारी बाई. तीस वर्षं पनवेलला ब्लाऊज, परकर आणि शाळेचे गणवेश शिवतेय, घरी शिवणाचा क्लास घेते. इतिहास मी शाळेत जेवढा घोकला तेवढाच. पण संयोजिका म्हणाल्या, "तुम्ही ते मावळ्यांचे कपडे शिवता ना? त्याबद्दल आमच्याशी तावातावाने बोलता ना? तेच इथे बोला." म्हणून आले आहे. जरा लांबण लागली तर खुणावा.

आमच्या भागात तरुणांचा एक गट आहे. कोणी तळोज्याला कारखान्यात आहे, कोणी बँकेत, कोणी अजून कॉलेजात. रविवारी सकाळी मैदानावर जमतात, लाठी, फरी-गदका, दांडपट्टा फिरवतात. आणि वर्षातून पाच-सहा वेळा, म्हणजे शिवजयंतीला, रायगडावर राज्याभिषेक दिनाला, फेब्रुवारीत उंबरखिंडीला, सतराव्या शतकातले शिपाई होऊन जातात. नाटक नव्हे बरं का. संवाद नसतात. तळ टाकतात, चूल पेटवतात, हत्यारं मांडून बसतात आणि येणाऱ्या लोकांना दाखवतात की मावळा असा राहायचा, असं लढायचा. परदेशात या प्रकाराला 'जिवंत इतिहास' म्हणतात असं मला पुढे कळलं.

त्यांचे कपडे मी शिवते. पहिल्यांदा आले तेव्हा चकाकणारं भगवं साटीन घेऊन आले होते. मी म्हटलं, अरे, डोंगरदऱ्यांतून चालणारा माणूस साटीन नेसेल का? मग मांजरपाट आणला. बाराबंदी शिवायची म्हणजे बारा बंद, सहा गाठी. एकाने विचारलं, "काकू, आत वेल्क्रो लावलं तर? पटकन घालता येईल." मी त्याला दिवसभर बंद बांधायला आणि सोडायला बसवलं. आता तो इतरांना शिकवतो. बाजारातल्या एका जुन्या मास्तरांनी मला अंगरख्याच्या घेराच्या कळ्या कशा कापायच्या ते दाखवलं. ते मुसलमान. त्यांना मी म्हटलं, मास्तर, मावळ्यांचे कपडे तुमच्याकडून शिकतेय. ते म्हणाले, महाराजांच्या पायदळाचा सरनौबत नूरखान बेग होता, आरमारात दौलतखान होता, त्यांचे कपडे कुणी शिवले असतील? मला तेव्हा हे ठाऊकही नव्हतं.

तर असे सव्वीस जणांचे कपडे मी शिवले. कार्यक्रम झाला की ते घामाने, धुळीने, चुलीच्या काळ्याने भरलेले कपडे पिशवीत कोंबून मुलं घरी जातात. धुतं कोण? आया धुतात. पांढरा मांजरपाट, तोही हाताने, कारण मशिनमध्ये बंद अडकतात. एका आईने मला थांबवून सांगितलं, "पुढच्या वेळी काळ्या रंगाचे शिवा हो." मी तेव्हा हसले. पण ते वाक्य डोक्यात राहिलं.

आता उंबरखिंडीबद्दल. खोपोलीहून पालीकडे जाताना चावणी गावाजवळ ही खिंड आहे, नदीकाठी स्मारक आहे. २ फेब्रुवारी १६६१ ला तिथे लढाई झाली. शाहिस्तेखानाने पुण्याहून कारतलबखानाला कोकणात उतरवलं, घाट उतरून फौज दाट झाडीत अडकली आणि मराठ्यांनी दोन्हीकडून तोंडं बंद केली. खानाने खंडणी देऊन सुटका करून घेतली. हे पुष्कळांना माहीत असतं. पण त्या मोगली फौजेत एक बाई सरदार होती, हे किती जणींना माहीत आहे? हात वर करा बघू. तीन, चार. माहूरच्या उदाराम देशमुखांच्या घराण्यातली, नवरा गेल्यावर स्वतः फौज सांभाळणारी, आणि दरबारातून जिला रायबागन, म्हणजे राजवाघीण, असा किताब मिळालेला. परमानंदाच्या शिवभारतात आहे की त्या खिंडीत खानाची गाळण उडाल्यावर तिनेच त्याला सुनावलं, की या रानात फौज घुसवलीस हीच चूक झाली, आता शिवाजीराजांना शरण जा. खानाने ऐकलं आणि म्हणून माणसं जिवंत परत गेली.

लढाईच्या दिवशी सगळ्यांत शहाणं बोललेली व्यक्ती ही बाई होती. आणि आमच्या गटाच्या प्रात्यक्षिकात ती नव्हतीच. मी विचारलं तर म्हणाले, "काकू, ती शत्रूकडची." म्हटलं, खानही शत्रूकडचाच की, त्याच्या दाढीला तुम्ही दीडशे रुपये घातलेत. मग म्हणाले, बरं, घेऊ, आणि एका मुलाला नऊवारी नेसवायला माझ्याकडे घेऊन आले.

माझ्या क्लासला एक मुलगी येते, सतरा वर्षांची. ती या गटाच्या मैदानावर दोन वर्षं शिकत होती. दांडपट्टा तिच्यासारखा फिरवणारं त्या गटात कुणी नाही, हे तिचे वस्तादच सांगतात. कोल्हापुरात मुली पिढ्या झाल्यासारख्या सहज आखाड्यात उतरतात, ते आमच्याकडे हळूहळू येतंय. शिकवायला कुणाची ना नव्हती. मैदानावर ती चालायची, पण कार्यक्रमाला निघाले की तिच्या हातात आरतीचं तबक. ती आणि आणखी पाच मुली, नऊवारी, नथ, चंद्रकोर, रांगेत उभ्या. मावळे निघाले की ओवाळायचं. नाहीतर एक जण जिजाऊ, एक जण हिरकणी. हिरकणीची गोष्टही बघा. गडावर दूध घालणारी, राबणारी बाई. ती आठवते कशासाठी, तर बाळासाठी कडा उतरली म्हणून. रोज डोक्यावर चरव्या घेऊन गड चढायची त्याचं कुणी काही दाखवत नाही.

या मुलीने बाराबंदी मागितली. माझ्याकडे कापड उरलं होतं, मी शिवून दिली. गटाच्या बैठकीत त्यावरून वाद झाला. मुलं वाईट नाहीत, हे मी मुद्दाम सांगते. ती अभ्यास करतात, पुस्तकं वाचतात. त्यांचं म्हणणं, "आम्ही खरं दाखवतो. मावळ्यांत बायका असल्याची नोंद नाही." आणि हे खरं आहे. सभासदाच्या बखरीत तर स्पष्ट आहे की महाराजांच्या लष्करात बायको, बटीक, कलावंतीण कुणी आणायची नाही, आणली तर गर्दन मारली जाईल. नियम कडक होता, आणि मला वाटतं त्या काळाच्या मानाने बायकांच्या भल्याचा होता. इतर फौजांबरोबर बायकांचे जे हाल व्हायचे ते यात नव्हते. मग मी काय उत्तर देणार? त्या दिवशी मी गप्प बसले. मुलगीही बाराबंदी घडी करून माझ्याकडे ठेवून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मी भाचीकडे अमेरिकेत गेले होते, ओहायो राज्यात. भाचीने माझं हे मावळ्यांचं वेड ऐकून मला एका मैदानावर नेलं. तिथे निळे कोट घातलेले लोक तंबू ठोकून बसले होते. १७९०च्या दशकात तो भाग म्हणजे अमेरिकेची सरहद्द. जनरल वेन नावाच्या सेनापतीची फौज तिथे होती, १७९४ साली फॉलन टिंबर्सला मोठी लढाई झाली. त्या फौजेतले शिपाई हे लोक होतात. आमच्याच पोरांसारखे, पोट सुटलेले, चष्मे घातलेले, हौशी. फक्त एक गोष्ट मला खटकली. सरहद्द म्हणतात, पण ती त्यांच्या बाजूने सरहद्द. पलीकडे शॉनी, मायामी असे लोक राहत होते, त्यांचं ते घरच होतं. लढाईनंतर वर्षभरात तहात त्यांची जमीन गेली. भाचीला विचारलं, ते लोक इथे कुठे दिसत नाहीत? ती म्हणाली, मावशी, चल, जेवून घेऊ.

पण त्या तळावर एका कोपऱ्यात मोठी काईल चुलीवर चढवून एक बाई कपडे उकळत होती. साबण घरी राखेपासून केलेला. मी तिच्यापाशीच बसले. तिने सांगितलं की ही तिची भूमिका आहे, सैन्यातली धोबीण. आणि ही मनाची कल्पना नव्हे. १८०२ सालच्या कायद्यात एका कंपनीमागे चार बायका ठेवायची सोय होती आणि त्यांना शिपायासारखं रोजचं रेशन मिळायचं. धुलाईचे पैसे शिपायांकडून वेगळे. १८७८ला ती पद्धत बंद झाली. म्हणजे बघा, तिचं काम सरकारी कागदावर होतं. मला काळ्या बाराबंद्या मागणारी आई आठवली.

तिनेच मला लॉरेन कुक या बाईची हकिकत सांगितली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाची प्रात्यक्षिकं करणारी ही बाई पुरुष शिपायाचा वेष करायची. १९८९ साली मेरीलँडमधल्या अँटिटमच्या रणभूमीवर कार्यक्रम होता. ती बायकांच्या स्वच्छतागृहातून बाहेर पडली आणि तिथल्या माणसांनी ओळखलं, अरे ही तर बाई! तिला सांगितलं, शिपाई म्हणून इथे थांबता येणार नाही. ती कोर्टात गेली, सरकारच्या विरुद्ध, आणि १९९३ला जिंकली. तिच्या बाजूने मोठा पुरावा होता. त्या युद्धात शेकडो बायका पुरुष म्हणून लढल्या होत्या. सारा रोझेटा वेकमन नावाची शेतकऱ्याची मुलगी न्यूयॉर्कच्या पलटणीत पुरुषाच्या नावाने भरती झाली, १८६४ साली न्यू ऑर्लिन्सला इस्पितळात आजाराने वारली. तिची घरी पाठवलेली पत्रं उरली. पुढे लॉरेन कुकनेच ती छापली.

मी परत आले ती खुशीत नव्हे, जरा गोंधळात. कारण लॉरेनकडे पुरावा होता, माझ्याकडे नव्हता. बाराबंदी घालून लपून लढलेली मावळी मला कुठे सापडली नाही, आणि नसलेली मी तयार करणार नाही. तेवढं मी त्या मुलांकडूनच शिकले. ताराबाई आहेत, उमाबाई दाभाडे आहेत, पण त्या फौज चालवणाऱ्या, राणीच्या नाहीतर सेनापतीच्या घरातल्या. रांगेतल्या शिपायाची गोष्ट वेगळी.

पण एक दिवस मशीनवर बसल्याबसल्या माझ्या लक्षात आलं. मी सव्वीस जणांची मापं घेतली आहेत. त्यातल्या सात जणांना चष्मा आहे. एक जण चाळिशी ओलांडलेला, कमर बेचाळीस इंच. दोघांच्या पायात आतून स्पोर्ट्सचे मोजे. एकाला धूळ चालत नाही, तो पंप घेऊन येतो. यातल्या कुणाला कधी कुणी विचारलं का, बाबा रे, नोंद कुठे आहे? चष्मा चालतो, कारण आपण म्हणतो, मनाने तो मावळाच आहे. मग हिचंच मन कागदावर का शोधायचं? हे मी पुढच्या बैठकीत बोलले. हशा झाला. कमर बेचाळीसवाला सगळ्यांत जास्त हसला, आणि म्हणाला, काकूंचं बरोबर आहे. नोंद नाही हे आपण लोकांना सांगू, आणि मुलीला उभं करू. एवढं सोपं होतं ते. दोघे जण मात्र उठून गेले, ते अजून आलेले नाहीत.

मला वाटलं झालं. पण खरा तिढा पुढे होता, तो प्रबळगडाचा.

प्रबळगड आपल्या उशाशी आहे, माथेरानच्या रांगेजवळ. शेजारी कलावंतीणीचा सुळका. (लष्करात कलावंतीण नको म्हणणारी बखर एकीकडे, आणि सुळक्याला नाव तिचंच. लोक काय काय गोष्टी सांगतात, खरं कुणास ठाऊक.) गडाचं जुनं नाव मुरंजन. १६६५च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यात हा होता आणि आपला कर्नाळाही. मोगलांनी इथे केसरसिंह हा राजपूत किल्लेदार ठेवला. पुढे मराठ्यांनी गड परत घेतला तेव्हा केसरसिंह लढताना पडला आणि त्याच्या घरातल्या बायकांनी जोहार केला, असं सांगतात.

गटाला गडाच्या पायथ्याशी कार्यक्रमाचं आमंत्रण आलं. आयोजकांना भव्य काहीतरी हवं होतं. ठरलं की जोहार दाखवायचा. सहा मुली, लाल साड्या, मध्ये आग, मागे संगीत. म्हणजे आता एकदम मुलींना मुख्य काम! आरतीच्या तबकावरून थेट चितेवर. आणि सांगते, मुली खूश होत्या. माझी ती दांडपट्टेवालीसुद्धा. "काकू, सगळे रडतील बघा."

लाल साड्यांचं काम माझ्याकडे आलं. मी नाही म्हटलं. पैशाचं काम होतं, हंगाम नव्हता, तरी नाही म्हटलं.

आपल्यातल्या ज्या जुन्या आहेत त्यांना १९८७चा सप्टेंबर आठवत असेल. राजस्थानात देवराळ्याला अठरा वर्षांची रूपकंवर जळाली, आणि हजारो लोक चुनरी घेऊन जमले. आपण मुंबईपर्यंत मोर्चे काढले होते. त्यानंतर सतीविरोधी कायदा आला, त्यात सतीचं उदात्तीकरण हाही गुन्हा ठरला. जोहार म्हणजे सती नव्हे, युद्धातली गोष्ट, हे मला मान्य आहे. त्या बायकांपुढे काय वाट होती ते मी इथे पंख्याखाली बसून ठरवू शकत नाही. पण सतरा वर्षांच्या पोरीला संगीताच्या तालावर आगीत चालायला लावून टाळ्या घ्यायच्या, आणि त्याला शौर्य म्हणायचं, हे माझ्या मशीनवर शिवलं जाणार नाही.

मुलींनाच विचारलं मी. तुम्हाला पट्टा येतो, लाठी येते. मग तुमचं शौर्य दाखवायला तुम्हाला मरावं का लागतं? त्या गप्प. एक म्हणाली, "पण काकू, इतिहासात तसंच आहे."

तेव्हा गटातल्याच एका अभ्यासू मुलाने गोष्टीचा पुढचा भाग सांगितला. मराठे गडावर शिरले तेव्हा केसरसिंहाची म्हातारी आई आणि दोन लहान मुलं लपलेली सापडली. महाराजांनी त्यांना मानाने, सुरक्षित आपल्या माणसांकडे पोचवलं. म्हणजे त्या घरात एक बाई जळली नव्हती! तिने दोन नातवंडं धरली आणि ती लपली. मुलगा मेलेला, सुना गेलेल्या, बाहेर शत्रू, आणि ही अंधारात पोरांच्या तोंडावर हात ठेवून बसलेली. इतकी वर्षं आपण गडाखाली राहतो, आपल्याला जोहार ऐकू आला आणि ही म्हातारी ऐकू आली नाही.

आम्ही ते दाखवलं. आग नाही. एक कोठार, एक म्हातारी, दोन पोरं. म्हातारी मी झाले, माणूस नव्हतं म्हणून. आयोजक नाराज झाले, पुढचं आमंत्रण नाही. पण पायथ्याच्या ठाकूरवाडीतल्या बायका, ज्या एरवी ट्रेकवाल्यांना जेवण करून घालतात आणि कार्यक्रमाकडे ढुंकून बघत नाहीत, त्या पुढे येऊन बसल्या. एकीने नंतर मला विचारलं, "मंग त्या पोरांचं झालं काय?"

आता जात्याचं सांगते, ते राहिलं तर मला चैन पडणार नाही. बखरीत असंही आहे की पावसाळ्यात लष्कर छावणीला, आणि दसऱ्याला बाहेर पडायचं, आठ महिने मुलुखगिरी. हे आपण मोठ्या अभिमानाने वाचतो. मी पेणकडची, भातशेतीतली. मला एकदम दिसलं की दसरा म्हणजे हळवं भात कापणीला आलेलं! पाठोपाठ नाचणी, वरी, दिवाळीला गरवं. नेमकं तेव्हाच घरातला गडी सीमोल्लंघनाला. मग कापणी कुणी केली, भारे कुणी वाहिले, झोडणी कुणी केली? बखरीत हे लिहिलेलं नाही, हा माझा हिशेब आहे, पण ज्यांनी भात कापलंय त्यांनी सांगावं तो चुकलाय का. गडाच्या मेटांवर पहारा करणाऱ्या रामोशी, कोळी, महार घरांतही बायका होत्याच. लढाईत पडलेल्याच्या मुलांना बालपरवेशी मिळायची, म्हणजे मागे कोण उरतं हे त्या राज्याला ठाऊक होतं.

म्हणून आता तळावर हत्यारांच्या शेजारी मी जातं मांडते. सासूबाईंचं. नाचणी दळते. बघायला आलेल्या पुरुषांना बसवते, जरा ओढून बघा म्हणते. तलवार उचलून फोटो काढणारे पाच मिनिटांत खांदा धरतात. दोन किलो नाचणीला मला आणि शेजारणीला मिळून दीड तास लागला, आणि त्यात सव्वीस मावळ्यांचं एक वेळचंही धड झालं नसतं.

यंदा उंबरखिंडीला रायबागन होती. तीच मुलगी. घोडा मिळाला नाही, दगडावर उभी राहिली. दुपारी मात्र तिला चक्कर आली. ऊन म्हणावं तर मुलं ठीक होती. नंतर कळलं, सकाळपासून सगळ्या मुलींनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता, कारण जायला जागा नाही. लॉरेन कुक स्वच्छतागृहातून बाहेर पडताना सापडली. आमच्या मुलींना ते नशीबही नाही! रायगडावर राणीवशात साडेतीनशे वर्षांपूर्वीचे दगडी शौचकूप दाखवतात. आता युनेस्कोच्या २०२५च्या यादीत रायगड आणि आपल्याच जिल्ह्यातली खांदेरी आली आहे, गर्दी वाढणार. जिथे जिथे असे कार्यक्रम होतात तिथल्या ग्रामपंचायतीला आणि आयोजकांना आपण मंडळातर्फे लेखी द्यायचं आहे की बायकांची सोय असेल तरच आमच्या मुली येतील. अर्ज मी आणला आहे, चहाच्या टेबलावर ठेवलाय, सह्या करून जा.

आणि हो, एक जातं पुरत नाही. कुणाच्या माळ्यावर, अडगळीत पडलं असेल तर निरोप द्या. खुंटा तुटका असला तरी चालेल, सुताराकडून बसवून घेऊ. पाळू मात्र दोन्ही हव्यात.